उसवलेल्या स्वेटरचं अस्वल
(प्रस्तावना)

रुखवतात मांडलेलं लोकरीचं कुत्रं आपण सगळ्यांनीच पाहिलेलं आहे. थर्माकोलच्या तुळशीवृंदावनाशेजारी, मण्यांच्या राजहंसाच्या जरा मागे, गळ्यात लाल फीत बांधून ते बसलेलं असतं. वरात गेली की ते नवरीबरोबर सासरच्या शोकेसमध्ये जातं, आणि पुढे घरात लेकरू आलं तरी त्या लेकराच्या हाती काही लागत नाही. मळेल, उसवेल, मावशीनं रात्री जागून केलंय, अशी सतरा कारणं. काच सरकवून ते बाहेर निघतं ते दिवाळीच्या साफसफाईला, धूळ झटकण्यापुरतं. लेकरू तोवर अंगणात जुन्या टायरमागे काठी घेऊन धावत असतं.

पुढच्या पानांत त्या कुत्र्याला जागा नाही. इथले प्राणी कान धरून ओढायचे, तोंडात घालायचे, उशाशी घेऊन झोपायचे आणि आठवड्याला साबणाच्या पाण्यात बुचकळायचे आहेत. ते क्रोशाच्या एका सुईवर होतात आणि महिन्याचा किराणा उधारीवर आणणाऱ्या घरालाही परवडतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या बाया डोळ्यांपुढे ठेवून हे सगळं लिहिलेलं आहे, म्हणून यातला कापूस, स्वेटर, पोती आणि प्राणीही इथलेच आहेत. स्वस्तात खेळणं कसं करावं हे सांगणं तसं सोपं. स्वस्तात केलेलं खेळणं स्वस्तात का विकू नये, हे सांगायला जास्त पानं लागली. या प्रस्तावनेचाही बराच भाग त्यातच जाणार आहे.

क्रोशा जगभर पसरला तोच मुळी चणचणीच्या दिवसांत. 1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक लागोपाठ सडलं, माणसं उपासमारीनं मेली, लाखोंनी देश सोडला. त्या दिवसांत तिथल्या मठांतल्या नन गरीब मुलींना क्रोशाची लेस शिकवू लागल्या. जुन्या पद्धतीची लेस करायची तर खास उशी, टाचण्या आणि डझनावारी लाकडी रिळं लागत. क्रोशाला एक आकडी आणि दोरा पुरे. ही लेस शहरांतल्या श्रीमंत बायकांच्या अंगावर गेली आणि तिच्या पैशांवर कितीतरी झोपड्यांतली चूल पेटली. त्याच शतकात मिशनऱ्यांच्या हातून ही सुई हिंदुस्थानात आली. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी जिथे समुद्राला मिळते, त्या आंध्रातल्या नरसापूर भागात तिनं घट्ट मूळ धरलं. 2024 मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकनही मिळालं. नरसापूरकडे पुन्हा यायचंच आहे, कारण तिथली गोष्ट मानांकनावर संपत नाही.

आपल्याकडे क्रोशा आला तो घरातल्या घरात राहिला. बाळंतविड्यातलं टोपरं, दाराचं तोरण, पानसुपारीच्या तबकावरचा रुमाल, टीव्हीवर घालायचं जाळीचं आवरण. टीव्ही चपटा होऊन भिंतीवर गेला आणि त्या आवरणाची जागाच गेली. सुया मात्र ट्रंकेत तशाच पडून राहिल्या. त्या आता पुन्हा बाहेर निघतायत त्या मोबाइलमुळे. जपानमध्ये विणून भरलेल्या छोट्या प्राण्यांची मोठी परंपरा रुजली. अमिगुरुमी नावानं ती जगभर पसरली आणि नातीच्या मोबाइलवर आजीला दिसू लागली. आजीला साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब हे सगळं येतंच. तिला नवं वाटलं ते एवढंच, की सपाट रुमालाऐवजी गोल गोल फिरत गेलं की चेंडू होतो, आणि चेंडूला कान लावले की ससा.

अडचण पुढे येते. व्हिडिओतली बाई सांगते की अमुक कंपनीचं सुती यार्न घ्या, तमुक मापाच्या सुयांचा संच घ्या, प्लास्टिकचे डोळे मागवा, भरायला फायबरची पिशवी आणा. या यादीची बेरीज केली तर जत्रेतला तयार टेडी स्वस्त पडतो. म्हणून बऱ्याच जणी तिथेच थांबतात. याद्या अशाच असतात. त्या दुकान चालवणाऱ्यांच्या सोयीनं लिहिलेल्या असतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला, पुढे कोसबाडला, आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या तेव्हा मॉन्टेसोरीची महागडी साधनं आणण्याचा प्रश्नच नव्हता. बिया, शंखशिंपले, पानं, काड्या जे आसपास होतं त्यातून त्यांनी साधनं उभी केली. पुण्याच्या आयुका या संस्थेत अरविंद गुप्तांनी काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे यांतून भूमिती शिकवली. आपल्याकडे या वाटेनं चाललेली माणसं आहेत. तेव्हा कमी पैशांतलं खेळणं म्हणजे हलकं खेळणं, हा समज सुरुवातीलाच बाजूला ठेवावा.

आता साहित्य. जिल्ह्याचे सरळ दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणारकडे सोयाबीन. खाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोदकडे कापूस. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 1865 या काळात, तिकडचा कापूस विलायतेला पोचेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्यानंतर 1870 मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला. खामगावच्या कापूसपेठेसाठीच तो टाकलेला होता. त्या फाट्यावरून दीडशे वर्षांपूर्वी गाठी बाहेर जाऊ लागल्या. आज त्याच खामगावच्या बाजारात विणायला दोरा मागितला तर दुकानदार लुधियानाच्या गिरण्यांची ॲक्रिलिकची गुंडी पुढे करतो: वर्धमान, ओसवाल, गंगा. तिला आपण सगळे लोकर म्हणतो. तिच्यात मेंढीचा एक केस नसतो. मला त्याचं फारसं दुःख नाही. ॲक्रिलिक धुतलं की लवकर वाळतं, रंग सोडत नाही आणि लेकरानं चघळलं तरी सडत नाही. पण पोटात भरायलासुद्धा आपण बाहेरूनच फायबर आणावं, हे मात्र कापसाच्या जिल्ह्याला शोभत नाही.

हिशेब करून पाहू. वीतभर अस्वलाच्या पोटात नीट दाबून भरली तर साधारण 25 ग्रॅम रुई बसते. कापसातून रुई निघते वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी, बाकी सरकी. म्हणजे 75 ग्रॅम कापूस लागला. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता. त्या दरानं हा कापूस होतो सहा रुपयांचा. ज्या घरात फुलवाती वळल्या जातात तिथे सरकी हातानं कशी काढायची हे कुणाला शिकवावं लागत नाही. काढल्याशिवाय मात्र भरू नये. सरकीचं तेल कापडावर उतरतं आणि पावसाळ्यात आत किडे होतात. शेवटच्या वेचणीचा कवडी कापूस बाजारात पडेल भावानं जातो. तो पिवळसर असला तरी पोटात गेल्यावर कुणाला दिसतोय? गादी कारखान्यातून पिंजून आणला तर सगळ्यांत उत्तम. कापसाचा एक दोष आहे तो इथेच सांगते: धुतला की त्याचे गोळे होतात आणि तो वाळायला दोन उन्हं घेतो. म्हणून रोज धुवायला लागणाऱ्या, तान्ह्या बाळाच्या खेळण्यात जुन्या उशीतलं फायबर धुऊन, पिंजून घालावं. मोठ्या मुलाच्या बैलात, वाघात कापूस.

वरच्या अंगासाठी लोकर विकत घेण्याआधी घरातला स्वेटर बघावा. बुलढाणा शहर डोंगरावर, चिखलीची हवाही थंड. थंडीत प्रत्येक शाळकरी पोराला स्वेटर लागतो आणि दर दोन वर्षांनी तो आखूड होतो. त्याची बाजूची शिवण उलटून बघा. हातानं किंवा साखळीच्या टाक्यानं जोडलेली असेल तर तो स्वेटर सोन्यासारखा. शिवण काढली की पूर्ण पाठ एका धाग्यात उसवते. कडेला ओव्हरलॉकची दाट शिलाई असेल तर कापड कापून शिवलेलं आहे. ते उसवलं तर हातभर लांबीचे तुकडे मिळतील, ते पोटात भरायच्या कामाचे. उसवताना धागा खुर्चीच्या पाठीला गुंडाळत जायचा, चार ठिकाणी सैल बांधून लडी करायची. हा धागा सुटतो तेव्हा नूडल्ससारखा कुरळा असतो, आणि तसाच विणला तर टाके एकसारखे येत नाहीत. कोमट पाण्यात तासभर बुडवून, न पिळता, दोरीवर टांगून खाली एखादा गडवा अडकवून ठेवला की सकाळपर्यंत तो सरळ होतो. फार गरम पाणी नको. ॲक्रिलिक त्यात लुळं पडतं.

तिसरा धागा आणखी जवळचा आहे. सोयाबीनच्या कट्ट्याचं, साखरेच्या पोत्याचं तोंड ज्या दोऱ्यानं शिवलेलं असतं तो. योग्य टोक सापडलं की सर्रकन एका ओढीत सगळा निघतो. चुकीचं टोक ओढलं की गाठ बसते आणि मग घरातलं कुणीतरी विळ्यानं कापून मोकळं होतं. ते कापू देऊ नये. असा दोरा चार पदरी करून घेतला की त्याची शिंगं, खूर, शेपटीचे गोंडे फार छान होतात, कारण तो ताठ असतो. खताच्या गोणीचा दोरा दोनदा धुवावा. औषध लावलेल्या बियाण्याच्या आणि फवारणीच्या मालाच्या पिशवीचा दोरा मुळीच वापरू नये, कितीही चांगला दिसला तरी.

सुईबद्दल एवढंच, की चार पदरी ॲक्रिलिकच्या वेष्टणावर साडेतीन-चार मिलिमीटरची सुई सुचवलेली असते, ती स्वेटर-टोपीसाठी. खेळण्याला अडीच किंवा तीनची घ्या. टाके घट्ट बसले पाहिजेत, नाहीतर फटीतून कापूस डोकावतो. पोनी कंपनीची एक सुई घेतली की वर्षानुवर्षं चालते. संच कशाला?

या पुस्तकातला पहिला धडा डोक्याचा आहे, आणि तो सगळ्यांत सावकाश लिहिलेला आहे. बोटाभोवती फासा घ्यायचा, त्यात सहा मुके खांब. फासा ओढला की मधलं भोक मिटतं. पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे बारा. मग एकाआड एक वाढ, अठरा. मग चोवीस, मग तीस. दर फेरीला बरोबर सहा वाढतात, म्हणून वर्तुळ सपाट पसरतं. आता वाढ बंद करून तीसच्याच पाच फेऱ्या मारल्या की कडा खाली वळतात आणि वाटी होते. मग वाढलं त्याच क्रमानं कमी करत यायचं: चोवीस, अठरा, बारा, सहा. मधे अठरावर आल्यावर थांबून भरून घ्यायचं, चिमटी चिमटीनं, आधी कडेला आणि मग मधे. एकदम मूठभर कोंबलं तर डोक्याला टेंगळं येतात. शेवटचं भोक सुईदोऱ्यानं मिटवलं की डोकं तयार. टाके मोजा: वाढीचे 90, सरळ फेऱ्यांचे 150, कमी होतानाचे 60. एकूण 300. फेरी कुठे सुरू झाली ते कळायला तिथे एक सेफ्टीपिन अडकवून ठेवायची आणि दर फेरीला वर सरकवायची. बाई बोलता बोलता विणते, मधेच दूध उतू जातं, कुकरची शिट्टी होते. पिन नसेल तर कुठल्या फेरीत होतो ते देवालाच माहीत.

सहाऐवजी जास्त वाढवत गेलं तर काय होतं? कापड सपाट राहत नाही, त्याला झालर येते. कॉर्नेल विद्यापीठातल्या डाइना ताइमिन्या या गणिताच्या बाईंनी 1997 मध्ये हेच जाणूनबुजून केलं आणि ज्या वक्र प्रतलाची कल्पना विद्यार्थ्यांना कागदावर येईना, ते क्रोशानं विणून त्यांच्या हातात दिलं. आपण त्या झालरीचा कोंबड्याचा तुरा केला आहे. गणित तेच.

प्राणी निवडताना मी थोडा हट्ट धरला. तयार नमुन्यांत पांडा, पेंग्विन, युनिकॉर्न यांची गर्दी आहे. बुलढाण्याच्या लेकराला पांडा आवडू नये असं कुणी म्हणत नाही, पण बोथ्याच्या घाटातून एसटीनं जाताना ज्ञानगंगा अभयारण्याची पाटी लागते आणि आत सुमारे 205 चौरस किलोमीटरांत खरीखुरी अस्वलं राहतात, ती पुस्तकात आधी यायला हवीत. आपलं अस्वल टेडीसारखं गुबगुबीत नसतं. नाकाड लांबट आणि फिकं, अंगावर झिपऱ्या, छातीवर पांढरट खूण, नखं भली मोठी. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत आणि संध्याकाळच्या उजेडात तर अजिबात नाहीत, म्हणून शिकणारीनं शाळेच्या स्वेटरच्या मरून किंवा गडद निळ्या लोकरीचंच करावं. मरून अस्वल जंगलात नसतं हे खरं. लेकरांना त्याचं काही वाटत नाही.

रोही घेतला आहे. शेतकऱ्याचा त्याच्यावर राग आहे, आणि रातोरात हरभऱ्याचं शेत साफ झालेलं ज्यानं पाहिलंय त्याला हे खेळणं चेष्टेचं वाटेल. पण पोरांना तो आवडतो आणि कपाटावर उभा केला तर काही खात नाही. वाघाला मात्र खास कारण आहे. गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ 2019 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघाला आणि शेतं, रस्ते, नदीनाले ओलांडत, तेराशेच्या वर किलोमीटर चालून डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला. लोकांनी त्याला वॉकर हे नाव दिलं. त्याच्या खेळण्याला गळ्यात काळी पट्टी विणायची, मग लेकराला गोष्टही सांगता येते. पट्टे रंग बदलून विणायला गेलं तर दोन गुंड्या लागतात आणि आत धाग्यांचा गुंता होतो. केशरी वाघ आधी पूर्ण विणून घ्या, पट्टे उरलेल्या काळ्या धाग्यानं वरून भरा.

सगळ्यांत जास्त वेळ बैलावर गेला. परदेशी नमुन्यांत गाय-बैल पुष्कळ आहेत, पण त्यांच्या पाठी सपाट असतात. वशिंडाशिवाय बैल पोळ्याला कोण उभा करील? वशिंड वेगळं विणायचं: सहा, बारा, बाराच्याच दोन फेऱ्या, मग अठरा. ही छोटी उलटी वाटी भरून मानेच्या मागे, पुढच्या पायांच्या बरोबर वर शिवायची. एक बोट मागे गेली तर तो उंट दिसतो. शिंगं चार टाक्यांवर सुरू करून एकाआड एक फेरीला एकच टाका वाढवायचा. सरळ शिंगाला बाक द्यायला आतल्या बाजूनं धावदोरा घालून हलकेच ओढायचा आणि गाठ मारायची. झूल ब्लाउजपिसाच्या तुकड्याची, वेसण पोत्याच्या दोऱ्याची. ज्यांच्या दावणीला बैल उरलेले नाहीत अशा घरांत पोळ्याला मातीच्या बैलांची पूजा होते. विणलेला बैल पूजेनंतर पोरांना खेळायला देता येतो, मातीचा देता येत नाही, एवढा फरक.

डोळ्यांविषयी कडक बोलायला हवं. तीन वर्षांच्या आतल्या लेकराच्या खेळण्याला मणी, बटण, टिकली, चिकटवलेला प्लास्टिकचा डोळा काहीही लावू नका. ते सुटतं आणि घशात अडकतं. काळ्या दोऱ्यानं चार-पाच टाके एकावर एक घातले की सुंदर डोळा होतो आणि त्याला पैसेही पडत नाहीत. गुंजा तर मोठ्यांच्या खेळण्यालाही नको. लालभडक अंगावर काळा ठिपका, अगदी डोळ्यासारखीच दिसते, बांधावर फुकट मिळते आणि जुन्या बाहुल्यांना लावलेली मी पाहिली आहे. गुंजेचं बी विषारी असतं. फुटलेलं किंवा चावलेलं बी पोटात गेलं तर जिवावर बेततं. अस्वलाच्या झिपऱ्यांसाठी गाठी मारून सुटे धागे लावतात, तेही लहानग्यांसाठी नको. आधी ओढून बघायचं, तुमच्या सगळ्या ताकदीनं. तुमच्या हातून जे निघेल ते लेकराच्या हातून नक्की निघणार.

इथवर आलो तर अस्वलाचं साहित्य झालं किती रुपयांचं? स्वेटर घरचा, कापूस सहा रुपयांचा, डोळ्यांचा दोरा रुपया-दोन रुपयांचा. कुठलीही काटकसर सांगणारी बाई इथे थांबून टाळ्या घेईल. मला पुढचं बघायचं आहे. डोकं तीनशे टाक्यांचं, धड त्याहून मोठं, चार पाय, दोन कान, नाक. सगळे मिळून चौदाशेच्या आसपास टाके होतात, मग जोडणी. सराव झालेल्या हातालाही पाच तास लागतात. ही बाई ते अस्वल बचत गटाच्या स्टॉलवर मांडते आणि गिऱ्हाईक विचारतं, "जुन्याच लोकरीचं आहे ना? मग दीडशे कशाचे?"

हिशेब मांडून दाखवावा. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये ठरलेली होती. आठ तासांनी भागली तर तासाला 39. पाच तासांचे 195. म्हणजे दीडशेला विकलेलं अस्वल हे रोजगार हमीपेक्षा कमी मजुरीवर केलेलं काम आहे, साहित्य आणि बसभाडं धरलंच नाही. आणि रोजगार हमीचा दर हा काही चैनीचा दर नव्हे. तो मातीकामाचा दर आहे, ज्या राज्यानं 1977 मध्ये कामाच्या हमीचा कायदा देशात आधी केला त्याच राज्यातला. विणणारीला मातीकाम करणारीपेक्षा कमी का मिळावं, याचं उत्तर साधारणपणे असं मिळतं की ती घरी बसून, फावल्या वेळात करते.

नरसापूरकडे यायचं ते इथे. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या लेसवाल्या बायकांमध्ये राहून अभ्यास केला आणि 1982 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते असं: बायका स्वयंपाक, मुलं, गुरं सांभाळून दिवसाचे कित्येक तास विणत. लेस परदेशी जाई, मधले व्यापारी मोठे होत, आणि बाईच्या हाती शेतमजुरीच्याही खाली पैसा येई. कारण व्यापारी, नवरे आणि खुद्द त्या बायकाही या कामाला काम मानत नव्हत्या. घरात बसणारी बाई वेळ घालवायला काहीतरी करते, असंच सगळे धरून चालले होते. मीस बाईंच्या अभ्यासाला चार दशकं होऊन गेली. आपल्या जिल्ह्यातल्या प्रदर्शनांत पाटीवरचे भाव बघितले की वाटतं, तो अभ्यास इथेच झाला असता तरी चाललं असतं.

म्हणून प्रत्येक प्राण्याच्या धड्याशेवटी दोन आकडे दिलेत, साहित्याचा खर्च आणि लागणारा वेळ. पहिला आकडा जितका खाली आणता येईल तितका आणा. दुसऱ्याला हात लावू नका. भाव परवडत नाही असं गिऱ्हाईक म्हणालं तर छोटा प्राणी करा: दोन तासांचा ससा, तासाभराची किल्लीला लावायची चिमणी. तेच अस्वल पडेल किमतीला देऊ नका. जत्रेतल्या मशीनच्या टेडीशी बरोबरी तर मुळीच करू नका. विणण्याची मशीनं आहेत, पण क्रोशाचा खरा टाका अजून हातानंच घालावा लागतो; ज्यानं तो घातला त्याच्या वेळाला पर्याय नाही. घरच्या लेकरासाठी केलं तर अर्थातच हिशेब कशाला, आणि अंगणवाडीला दिलं तर तो दानधर्म समजून द्या, विक्री समजून नको.

विकायचं ठरवलं तर एक कागद करून ठेवावा. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह सक्तीचं आहे. त्यासाठीची चाचणी आणि परवाना एकटीदुकटीच्या आवाक्यातला नाही. पण केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांनी हातानं केलेल्या खेळण्यांना यातून सूट दिलेली आहे. त्या नोंदणीचं कारागीर ओळखपत्र मिळतं. गटातल्या प्रत्येकीनं ते काढावं, एकीच्या नावावर सगळ्यांचा माल खपवू नये.

राहिलं वेळेचं. शेतात जाणाऱ्या बाईला बाराही महिने सारखा वेळ नसतो, आणि विणकामाची पुस्तकं हे विसरतात. तूर-हरभरा घरात आला की होळीपासून मृगापर्यंत दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. स्वेटर उसवणं, लड्या करणं, डोकी आणि पाय विणून डब्यात साठवणं, हे तेव्हाचं काम. पेरणी आणि निंदणीत सुई ठेवून द्यावी. श्रावणात बैल जोडायला घ्यावेत म्हणजे पोळ्याच्या आधी बाजारात जातात. दसऱ्यानंतर कापूस वेचणी लागते आणि बोंडांच्या टोकांनी बोटांची टोकं फाटतात. अशा बोटांत ॲक्रिलिक टाक्याटाक्याला अडकतं, फिक्या रंगावर डागही पडतात. खोबरेल चोळायचं तर रात्री झोपताना; चोळून लगेच लोकरीला हात लावला की तेल उतरतं. त्या महिन्यांत पोत्याच्या दोऱ्याची शिंगं आणि खूर तेवढे विणून ठेवावेत. तो दोरा गुळगुळीत असतो, अडकत नाही.